छावणीतला खोकला आणि आपल्या गावाची नोंदवही

शेतकरी बंधूंनो, कपाशीत आपण कामगंध सापळे कशासाठी लावतो? सापळ्याने बोंडअळी संपत नाही. पण सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग सापडले, की आता हातपाय हलवायला पाहिजेत हे कळते. माणसांमधल्या सर्दी-तापाच्या साथीसाठीही असाच एक सापळा असतो. तो म्हणजे लष्कराची छावणी.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या माणसाला छावणीचे काय पडले? पण आपल्या जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, गावोगाव फौजेतली पोरे आहेत. ती सुट्टीवर येतात, लग्नकार्याला येतात. शिवाय छावणी, गाव आणि साथ यांचे नाते जुने आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘मानमोडी’चे नाव ऐकलेले असेल. ती 1918 सालची इन्फ्लुएंझाची साथ. पहिले महायुद्ध संपत आले होते. मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरात सैनिक घेऊन जहाज लागले आणि 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. तो ताप हिवतापाचा नव्हता. इशारा मिळाला होता, पण साथ कोणी आणली, जहाजाने की शहराच्या घाणीने, यावरच वाद होत राहिला. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात 768 माणसे गेली.

मग रोग रेल्वेने आत शिरला. मुंबई-नागपूर लोहमार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जातो. मध्य प्रांत व वऱ्हाडाला या साथीचा फटका देशात सर्वात जबर बसलेल्या भागांबरोबर बसला. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसे गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नक्की आकडा मिळत नाही, कारण मृत्यू नोंदवणारी व्यवस्थाच साथीत कोलमडली. त्यातही मेली ती वीस ते चाळीस वयाची, म्हणजे औत हाकणारी आणि निंदणारी माणसे. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. खरीप बुडाला, धान्य महागले आणि रब्बीला हात उरले नाहीत.

आता छावणीच का, ते पाहू. एका बराकीत दहा जिल्ह्यांतली पोरे एकत्र झोपतात, एकत्र जेवतात, एकत्र दमतात. एकाला खोकला आला की चार दिवसांत रांग लागते. पण तिथे एक गोष्ट गावापेक्षा चांगली आहे. एकूण माणसे किती आणि आज आजारी किती, हे रोज सकाळी लिहिले जाते. दोनशेत कालपर्यंत दोन होते, आज अकरा झाले, हे लगेच दिसते.

या नोंदीचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण. अमेरिकेच्या सैन्यात रंगरुटांना एका श्वसनरोगाची लस 1971 पासून देत होते. 1996 साली कारखान्याने उत्पादन थांबवले. साठा संपला तशा तापाच्या नोंदी पुन्हा चढल्या. आकडे हातात होते म्हणूनच लस पुन्हा सुरू करा, असे ठासून सांगता आले. ती 2011 साली परत आली. लाळ-खुरकतची लस चुकवल्यावर गोठ्यात काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी बाजूही सांगतो. 1976 साली तिथल्याच फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या फ्लूचा विषाणू सापडला. एक जवान दगावला, दोनशेवर जवानांना लागण झाली. सरकारने घाईने 4 कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. साथ मात्र छावणीबाहेर गेलीच नाही. लशीनंतर काहींना मज्जातंतूचा आजार झाल्याने मोहीम बंद करावी लागली. एक अळी दिसली म्हणून सगळ्या शिवारावर फवारा मारायचा नसतो. तसे सापळा काढूनही टाकायचा नसतो. मोजत राहायचे आणि पातळी ओलांडली की उपाय करायचा.

आता आपल्या गावाकडे येऊ. 2008 साली सोयाबीनवर अळीने धुमाकूळ घातला, त्यानंतर राज्यात ठरावीक शेतांत दर आठवड्याला कीड मोजण्याची पद्धत सुरू झाली. माणसांच्या रोगांसाठीही 2004 पासून देशात तशी योजना आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची माहिती वर जाते, आता ती संगणकावर भरतात. पण मी ज्या गावांत फिरतो तिथे ताप आलेला माणूस खाजगी दवाखान्यात सुई घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही. पतंग सापळ्यात पडला, पण मोजला कोणी?

म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती आहे. एकाच आळीत किंवा शाळेत आठवड्यात पाच-सात जणांना ताप-खोकला झाला, तर आशाताईला सांगा आणि आरोग्य केंद्राला कळवा. धाप लागली तर घरी थांबू नका. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या गुपचूप पुरू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. सुट्टीवर आलेल्या जवानाकडे मात्र संशयाने पाहू नका. तो तापाने आला असेल तर त्याला दवाखाना दाखवा, म्हाताऱ्यांपासून दोन-चार दिवस वेगळे झोपवा, बस्स.

सांगून उपयोग होतो. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले. गावकऱ्यांनी आवाज उठवला, म्हणून मोठमोठ्या संस्थांची पथके थेट गावात आली. मानमोडीच्या वर्षी आपल्याकडे ना लस होती ना औषध. आज दोन्ही आहे. कमी आहे ती वेळेवर केलेल्या नोंदीची, आणि त्याला फक्त एक वही नि पेन लागतो.