गाडीच्या डोळ्यांना मोतीबिंदू

आमचं सुपा हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं गाव. जवळच एमआयडीसी, त्यामुळे रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ. कडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे पुढचे दिवे कधी नीट पाहिलेत का? नव्या गाडीचा दिवा लख्ख, आरपार दिसणारा. जुन्या गाडीचा मात्र पिवळट, दुधी. जणू आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय! आतला बल्ब तर ठणठणीत असतो. मग प्रकाश जातो कुठे?

पूर्वीच्या अँबॅसिडर, फियाट गाड्यांच्या दिव्यांना काच असायची. दगड लागला की ती फुटायची, पण पिवळी पडत नसे. आता तिथे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. १९५३ साली जर्मनीत हर्मान श्नेल या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं. वजनाला हलकं, सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात घडवता येणारं. पण त्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन! उन्हातले अतिनील किरण त्याला पिवळं पाडतात. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पारदर्शक लेप देतात. उन्हाने आणि वाऱ्यावरच्या धुळीने हा लेप हळूहळू झिजतो. सुप्याच्या डोंगरावर तर पवनचक्क्या फिरतात, म्हणजे इथल्या वाऱ्याचा जोर तुमच्या लक्षात येईलच! लेप गेला की प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे आणि भेगा पडतात. प्रकाश त्यांवर आपटून सरळ पुढे जाण्याऐवजी चहूकडे विखुरतो.

खरं वाटत नाही? मग एक गंमत करा. बंद, थंड असलेल्या दुधी दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. दिवा क्षणभर स्वच्छ दिसेल! पाण्याने ओरखडे भरून निघतात ना. पाणी वाळलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. पण यावरून एक कळलं, की दोष वरच्या कातडीत आहे. पाणी ओतूनही आत थेंब किंवा वाफ दिसत असेल, तर मात्र पाणी आत शिरतंय. तिथे घासून उपयोग नाही.

हा काही नुसता दिसण्याचा प्रश्न नाही बरं का. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये तपासणी केली, तेव्हा खराब झालेल्या दिव्यांतून नव्याच्या मानाने फक्त २२ टक्के प्रकाश मिळत असल्याचं आढळलं. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, काहींना मागे दिवाही नसतो. एक सेकंद उशिरा दिसलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

आता उपाय. हे काम मोठ्यांनी करायचं, तुम्ही मदतनीस! दिवा साबणाच्या पाण्याने धुवा. भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावा. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घ्या. आधी १००० नंबर, मग २०००, शेवटी ३०००. नंबर जितका मोठा, तितका कागद मऊ. घासताना पाणी सोडत राहा. पिवळसर पाणी निघेल आणि दिवा आधीपेक्षाही धुरकट दिसेल. घाबरू नका, मोठे ओरखडे जाऊन बारीक ओरखडे आलेत एवढंच. शेवटी रबिंग पॉलिशने घासलं की चकाकी येते.

पण थांबा, काम संपलं नाही! आता प्लॅस्टिक उघडं पडलंय. त्यावर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप द्यायलाच हवा. नाहीतर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा. टूथपेस्टने घासण्याची युक्ती इथेच फसते. ती घासते, पण लेप देत नाही. थिनर किंवा पेट्रोल तर मुळीच लावू नका, त्याने प्लॅस्टिकला भेगा पडतात.

तर येत्या रविवारी घरातली नाहीतर शेजारच्या काकांची गाडी तपासा. त्यांना विचारून तांब्याभर पाणी ओता आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. मोतीबिंदू सापडला तर काकांना सांगायला विसरू नका हं!