चाकांवरचे बिऱ्हाड

नागपूरहून भंडारा, साकोली, राजनांदगाव, दुर्ग असा पूर्वेकडे जाणारा जुना हमरस्ता आणि त्याच्या सोबतीने धावणारा हावड्याचा लोहमार्ग हे दोघे भिलाई ओलांडून रायपूरकडे वळतात, त्या टप्प्यावर चरोदा लागते. गावाच्या एका अंगाला देवबलोद्याचे कलचुरींच्या काळातले शिवमंदिर आहे. दुसऱ्या अंगाला भिलाई मार्शलिंग यार्ड पसरले आहे. मंदिराला शतके लोटली. यार्ड मात्र पोलाद कारखान्यासोबत आले. सोव्हिएत संघाशी करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटली. तिच्या भुकेसाठी येणारे खनिज, कोळसा, चुनखडी आणि तिच्यातून बाहेर पडणारे रूळ यांची ने-आण करण्यासाठी चरोद्याचे रेल्वेगाव वसले. भंडारा-गोंदियाकडची मराठी कुटुंबेही त्या ओघात भिलाईच्या परिसरात आली.

अशा यार्डांच्या कडेच्या रुळांवर काही डबे उभे असतात. ते प्रवाशांचे नसतात आणि मालाचेही नसतात. रेल्वेच्या बोलीत त्यांना कॅम्प कोच म्हणतात. रुळांखालची खडी ठासणारी, रूळ समपातळीत आणणारी यंत्रे जिथे काम करतील तिथे ती चालवणाऱ्या माणसांना मुक्काम करावा लागतो. त्यांच्यासाठी डब्याचेच घर केलेले असते. त्यात झोपण्याचे बाक असतात, स्वयंपाकाची जागा, पाण्याची टाकी, पंखे, संडास. काम पुढे सरकले की इंजिन येते आणि घर ओढून पुढच्या स्थानकाच्या कडेला नेऊन ठेवते. डब्याच्या अंगावर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो. तो डबा कुठे आहे, त्यात किती माणसे आहेत, त्यांना पाणी व वीज कोठून द्यायची, हे कुणाला तरी ठाऊक असते, कारण ते ठाऊक असणे कुणाच्या तरी नोकरीचा भाग असतो.

या साध्या गोष्टीत एक मोठा पुरावा दडलेला आहे. हलणाऱ्या घराची नोंद ठेवता येत नाही, त्याला पाणी पुरवता येत नाही, त्यातल्या माणसाला गाठता येत नाही, असे जे शासन भटक्यांच्या बाबतीत गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे सांगत आले, त्याच शासनाने हे सर्व रुळांवर करून दाखवले आहे.

आता त्याच हमरस्त्यावरची, तिकडे विदर्भ-मराठवाड्यात दिसणारी दुसरी चाके पाहावीत. घिसाड्याची बैलगाडी गावाबाहेर, ओढ्याच्या काठी किंवा बाजारतळाच्या कडेला सुटते. जमिनीत ऐरण रोवली जाते, भाता लागतो. अलीकडे भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा असतो आणि तो फिरवायला घरातले पोर. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो, घण मात्र बायको उचलते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, चिमटे, उलथणी: गावाच्या शेतीचा आणि चुलीचा निम्मा संसार या गाडीच्या सावलीत घडलेला असतो. रात्री गाडीवर म्हातारी झोपते, गाडीखाली पोरे, आसाला बांधलेल्या झोळीत तान्हे. पाऊस आला की सगळे गाडीवर आणि गाडीवरचे सगळे भिजत. कोंबड्यांची डालगी, धान्याची पोती, ऐरण, कुत्रे, लग्नात आलेली भांडी असा सारा संसार मोजून मापून बसवलेला असतो; बैलाला ओढवेल त्यापेक्षा एक पातेले जास्त ठेवता येत नाही. कॅम्प कोचमध्ये माणूस राहतो, त्याचे कुटुंब दूर गावी असते. गाडीत कुटुंब आहे; तिला क्रमांक मात्र नाही.

मराठी भाषेने या कुटुंबासाठी जे शब्द ठेवले आहेत तेही तपासून पाहण्यासारखे आहेत. बिऱ्हाड हा शब्द संसारालाही लागतो आणि तात्पुरत्या मुक्कामालाही. म्हणजे हलते घर हेसुद्धा घरच आहे, ही जाण भाषेला होती. तथापि ज्याचा संसार हलता त्याच्यासाठी म्हण निघाली ती विंचवाची! पाठीवर घर वाहणारी गोगलगाय होती, कासव होते. विंचू तर घर वाहतही नाही, त्याच्या पाठीवर असतात त्याची पिले. तरीही भाषेने नांगी असलेला जीवच निवडला. स्थिर माणसाच्या मनातले भय म्हणीत उतरले आणि पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच भयाला हजेरीपट व तारेचे कुंपण दिले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. म्हण रद्द करण्याची सोय नसल्याने ती अजून पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदते.

या कुटुंबांविषयी बोलणारे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला पक्ष रसिकांचा. त्यांना भटकणे म्हणजे मुक्ती वाटते. गाडी लोहारांची कथा त्यांच्या विशेष आवडीची आहे: १५६८ साली चितोड पडले तेव्हा या लोहारांनी शपथ घेतली की गड परत मिळेपर्यंत घर बांधणार नाही, खाटेवर झोपणार नाही, दिवा लावणार नाही. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडात समारंभपूर्वक प्रवेश केला आणि ती शपथ सुटली असे जाहीर झाले. समारंभ झाला, शपथ सुटली आणि गाड्या पुन्हा रस्त्याला लागल्या. कारण गाड्या शपथेवर चालत नव्हत्या. एका गावाच्या नांगरांवर आणि विळ्यांवर फिरत्या लोहाराचे वर्षभर पोट भरत नाही. त्याला पंधरा-वीस गावे लागतात. हा हिशेब आहे, त्यात प्रतिज्ञा शोधण्याचे कारण नाही. पराभवाची कथा त्या जमातीला अभिमान देते, हे खरे, आणि तो अभिमान हिरावून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. पण ऐकणाऱ्याला ती कथा फार सोयीची पडते. दारिद्र्य ही त्यांनी स्वतः घेतलेली आण ठरली की त्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

दुसरा पक्ष सुधारकांचा आणि अधिकाऱ्यांचा. त्याचे म्हणणे एका वाक्यात येते: आधी स्थिर व्हा, मग सगळे मिळेल. हा पक्ष पहिल्यापेक्षा अधिक आदरणीय आहे, कारण त्यामागे भटक्यांच्या चळवळीचा स्वतःचा आवाज आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली मराठी वाचकासमोर जे बिऱ्हाड उभे केले, ते वाचल्यानंतर भटकण्याचे गोडवे गाण्याची हिंमत कुणी करू नये. दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांनीही तेच सांगितले. ज्याला घर हवे त्याला घर मिळालेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत अशा कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे.

वाद आहे तो ‘आधी’ या शब्दाशी. विमुक्त व भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक आहे. त्या दिवसापूर्वीपासून कुटुंब या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. ज्याची ओळखच मुळी ‘एका जागी न राहणारा’ अशी आहे, त्याला ती ओळख मिळवण्यासाठी आजोबा एका जागी राहत होते हे सिद्ध करायचे आहे. आजोबांनी घरपट्टी भरली नाही, सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, कारण ते शाळेत गेले नाहीत. आणि शाळेत का गेले नाहीत याचे उत्तर पुन्हा त्या गाडीपाशी येऊन थांबते. जमातीचा पुरावा म्हणून शासन ज्या भटकण्याकडे बोट दाखवते, तेच भटकणे दाखला नाकारण्याचे कारण होते. असा तर्क न्यायालयात कुणी वकिलाने मांडला असता तर हशा पिकला असता. तहसील कचेरीत तो शिक्का मारून मिळतो.

नागपूर-दुर्गच्या रस्त्यावर तर या तर्काची आणखी थट्टा होते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग हे जिल्हे एकाच राज्यात होते. दुसऱ्या दिवशी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झाले. त्या रस्त्यावरच्या कुटुंबाने आपला फेरा एका कोसानेही वाढवला नाही. राज्ये मात्र त्याच्या चाकांखालून तीनदा सरकली. भटकले कोण, हा प्रश्न नकाशाला विचारायला हवा. आता त्या कुटुंबाने अलीकडचा दाखला पलीकडे दाखवला तर तो चालत नाही, कारण जमातींच्या याद्या राज्यागणिक निराळ्या.

कोणी म्हणेल, हे सारे व्यवस्थेच्या अडचणीचे आहे. हलणाऱ्या माणसाला पत्ता द्यायचा तरी कसा? या प्रश्नाची उत्तरे जगात आहेत. अमेरिकेत हजारो कुटुंबे मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरात बारा महिने राहतात. त्यांतील काही हौसेने, काही घरभाडे परवडेनासे झाल्याने. साउथ डकोटा राज्याने अशांना वाहनपरवान्यापुरते रहिवासी मानण्यासाठी राज्यात काढलेल्या एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल स्वीकारणारी सोय एवढ्यावर भागवले आहे. एका रात्रीची पावती, आणि इथे १९६१ पासूनचा पुरावा! उलट फ्रान्सने १९६९ च्या कायद्याने फिरत्या लोकांच्या हाती वेगळे प्रवासपुस्तक दिले होते. ते भेदभावाचे आहे हे ओळखून २०१७ पर्यंत तो कायदा मोडीत काढावा लागला. म्हणजे हलत्या माणसाला वेगळ्या वहीत घालणे हाही उपाय नव्हे.

आणि परदेशाकडे तरी का जावे? महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरात सुट्टी घालवणाऱ्या कुटुंबाला वाहन उभे करण्यासाठी तळ असावा, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी, हे धोरणात शिरले. शासनाला चाकांवरच्या घराची गरज कळते. ते घर चार दिवसांचे असेल आणि त्याचे भाडे भरलेले असेल, एवढीच अट दिसते. गावोगावच्या बाजारतळावर एक नळ, एक संडास आणि गाडी सोडायला दोन गुंठे राखीव जागा मागितली तर त्याला मात्र अतिक्रमण म्हणतात.

मुलांच्या शाळेचेही तेच आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘शेजारच्या शाळे’वर उभा आहे; ज्याला शेजारच नाही त्याच्या मुलाने कोणती शाळा शेजारची समजायची? तरी त्याच कायद्यात एक चांगले कलम आहे: मूल दुसऱ्या शाळेत जायचे तर मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवता कामा नये. ऊसतोडीला जाणाऱ्या टायरगाड्यांमागून चालणारी मुले दिवाळीनंतर शाळेतून गळतात आणि चैत्रात परततात तेव्हा त्यांचे नाव कुठे असते? साखरशाळा काढल्या गेल्या, काही चालल्या, काही हंगामाबरोबर विझल्या. त्या मुलांना निराळी, हलकी शाळा नको आहे. त्यांना हवी आहे ती आधीची शाळा पुढच्या गावी ओळखली जाण्याची सोय. आधार क्रमांक माणसाबरोबर फिरतो. २०२२ पर्यंत सर्व राज्यांत शिधापत्रिकेवरचे धान्य देशभर उचलता येऊ लागले. धान्य गाडीमागे जाऊ शकते तर इयत्ता का जाऊ नये?

भिलाईच्या संदर्भात आणखी एक गोष्ट दडवू नये. ज्या पोलादाने चरोदा वसवले, त्याच पोलादयुगाने घिसाड्याची ऐरण थंड केली. कारखान्यात ठोकलेला विळा बाजारात स्वस्त मिळू लागला. ट्रॅक्टर आला तसा लाकडी नांगराचा फाळ गेला. ज्यांची घरे आणि शेते पोलाद कारखान्याखाली गेली, त्यांची निदान विस्थापित म्हणून नोंद झाली. ज्याचा धंदा त्या युगाखाली गेला, त्याची नोंद कोणत्या वहीत झाली? त्याच्याकडे बुडवायला गाव नव्हते, एवढ्यासाठी तो विस्थापितही ठरला नाही.

जनगणनेला हे लोक एका रात्री दिसतात. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक पदपथांवर, पुलांखाली, स्थानकांवर फिरले आणि देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून मोजली गेली. मतदारयादीसाठीही निवडणूक आयोगाची सूचना आहे की बेघर अर्जदार सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो की नाही, हे कर्मचाऱ्याने रात्री जाऊन पाहावे. कागदाचा पुरावा मागू नये. झोपण्याची जागा हाच पत्ता, हे तत्त्व शासनाने मतासाठी मान्य केले आहे. जातीच्या दाखल्यासाठी, घराच्या अर्जासाठी ते मान्य होत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखालील नियमांत एक लहानशी तरतूद आहे. चालत्या वाहनात मूल जन्मले तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने वाटेतल्या पहिल्या मुक्कामाच्या ठिकाणी ती वर्दी द्यावी. ही तरतूद करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रेल्वेचा डबा असावा, किंवा मोटार. पण नियमातल्या ‘वाहन’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात गाडीही येते. बैलगाडी हे वाहन आहे. नगरपालिका तिच्यावर कर घेत आल्या आहेत. तेव्हा गाडीत जन्मलेल्या मुलीची वर्दी घेऊन तिचा बाप वाटेतल्या पहिल्या ग्रामपंचायतीत उभा राहिला, तर ग्रामसेवकाने त्याला ‘राहणार कुठले?’ असे विचारण्याआधी नोंदवही उघडली पाहिजे.