जुन्या रायफलीचा दस्ता

"आमच्या घरी सासऱ्यांची जुनी रायफल आहे. लोखंड ठीक आहे, पण लाकूड अगदी काळं, चिकट झालंय. दसऱ्याला पूजेत मांडतो तेव्हा बघवत नाही. घरच्या घरी उजळता येईल का?" अशा अर्थाचं पत्र कोल्हापूरकडच्या एका भगिनीनं पाठवलं आहे. आपल्या सदराला विषय जरा नवाच. पाट, देव्हारा, झोपाळा यांच्या पॉलिशविषयी आपण नेहमी बोलतो, पण दस्ता म्हणजेही शेवटी लाकूडच. तेव्हा उत्तर असं, की उजळता येईल. या दसऱ्यापर्यंत मात्र नाही. का, ते पुढं सांगते.

पण भगिनी, त्याआधी मीच एक विचारते. परवाना कोणाच्या नावावर आहे? सासरे हयात आहेत आणि परवाना चालू आहे, तर प्रश्नच मिटला. पण ते वारले असतील आणि रायफल तशीच कपाटात राहिली असेल, तर पॉलिशचं सामान आणण्याआधी पोलीस ठाणं गाठा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक गेल्यावर हत्यार विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. घरातलं कर्तं माणूस गेलं की बँकेचे, जमिनीचे कागद आपण धावपळ करून नावावर करून घेतो, आणि कपाटातल्या बंदुकीची कोणाला आठवण राहत नाही. पुढे चौकशी झाली की उत्तर द्यावं लागतं ते घरात राहिलेल्या बाईला. "ती त्यांची होती, मला काय माहीत" एवढ्यावर सुटका होत नाही, बरं का!

आता लाकडाकडे वळू. घरगुती परवान्यावरची रायफल पुष्कळदा .३१५ ची असते. कलकत्त्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात झालेली, लष्कराच्या ली-एनफिल्डच्या घडणीची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली आणि अशा बंदुका कपाटात जाऊन बसल्या. दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. हाताचा घाम, धूळ आणि लोखंडाला घातलेलं तेल वर्षानुवर्षं त्यात मुरतं आणि लाकूड काळं पडतं. आतलं लाकूड सहसा चांगलंच असतं.

दस्ता सुटा करण्याचं काम मात्र आपलं नव्हे. परवानाधारकानं स्वतः रायफल परवाना असलेल्या कारागिराकडे न्यावी. ती रिकामी असल्याची खात्री तोच करील. शिवाय जुन्या ली-एनफिल्डमध्ये एक खोच आहे. मागचा दस्ता आतून एका लांब बोल्टनं धरलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला, की ते लाकूड चिरलंच म्हणून समजा. लोखंड कुलपात राहू द्या, आपण फक्त लाकूड हाती घ्यायचं.

पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं मळ पुसून काढा. हे काम गच्चीत किंवा अंगणात, चुलीपासून लांब. मळ निघत नसेल तर एका कोपऱ्यात थोडं स्पिरिट लावून पाहा. वरचा थर मऊ, चिकट झाला तर ते चपड्याचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनंच निघेल. कॉस्टिक सोडा मात्र लावू नका. त्यानं मळ निघतो, पण लाकूड आणखी काळवंडतं आणि दोरे सुटतात. खोल मुरलेल्या तेलासाठी रंगाच्या दुकानातली व्हाइटिंग, म्हणजे खडूची पूड, टर्पेंटाइनमध्ये कालवून जाड लेप द्या. कोवळ्या उन्हात ठेवा. लेप तेल ओढून पिवळट होतो. वाळला की ब्रशनं झाडा आणि पुन्हा द्या. तीन-चार वेळा तरी करावं लागतं. भर दुपारच्या उन्हात ठेवलं तर लाकूड तडकेल.

पोचे काढायला आपली इस्त्री आहे. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेनं दबलेले दोरे फुगून वर येतात. दोरेच तुटले असतील, म्हणजे नुसता पोचा नसून चीर असेल, तर ती भरून येत नाही, राहू द्या. लाकडावर कारखान्याचे शिक्के असतील तिथे इस्त्री नको आणि पेपरही नको. शिक्के पुसले की जुन्या वस्तूची ओळखच गेली. बाकीच्या भागावर अगदी बारीक, ३२० नंबरचा पेपर, दोऱ्यांच्या दिशेनं, हलक्या हातानं. लोखंडाला भिडणाऱ्या कडा घासू नका, नाहीतर परत बसवताना फट दिसते.

मग तेल. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते जवसाचं तेल घ्या. स्वयंपाकाचं शेंगदाणा किंवा खोबरेल नको, ती तेलं वाळत नाहीत, खवट होतात. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड कोमट लागेपर्यंत चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं उरलेलं सगळं पुसून घ्या. जास्त तेल राहिलं तर दस्ता महिनाभर चिकट राहील. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूलाही हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड तिथून फुगतं. बंदुका बाळगणाऱ्यांचा जुना हिशेब असा: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, पुढे वर्षातून एकदा. दसऱ्याच्या सुमारास हवा दमट असते, हात वाळत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. दिवाळीनंतर, थंडी पडली की सुरू करा. चकचकीत व्हार्निश मला तरी आवडत नाही. ओरखडा पडला की पांढरट रेघ दिसते.

आणि ज्या फडक्यांनी तेल पुसलं त्यांचा बोळा करून डब्यात किंवा जिन्याखाली टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता तयार होते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न ओढता फडकं पेट घेतं. ही भीती नुसती ऐकीव नाही, अशा आगी खरोखर लागलेल्या आहेत. फडकी एकेक करून बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

रायफल परत जुळवून आली की कातडी पिशवीत घालून ठेवू नका, ओल कोंडते. कोरड्या कपाटात, कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती न लागतील अशा. या दसऱ्याला पूजा आहे तशीच करा. फक्त ओलं हळदकुंकू लाकडाला लावू नका, हळदीचा डाग निघत नाही, आणि लोखंडावर लागलेलं त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या.