तमकश्वास की श्वासनलिकेचा संकोच?

धापेचा रुग्ण आला की तमकश्वास अशी नोंद करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. बहुधा ती योग्यही असते. परंतु अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर दिवस काढून आलेल्या रुग्णास काही आठवड्यांनी धाप लागू लागली व श्वास आत घेताना कर्कश ध्वनी येऊ लागला, तर तेथील संग कफाचा नसून व्रणवस्तूमुळे मुख्य श्वासनलिकाच आकुंचित झालेली असू शकते. अशा रुग्णास वमन देणे आम्हांस धोक्याचे वाटते.

छातीच्या सीटी स्कॅनच्या पातळ छेदांवरून संगणक श्वासमार्गाचे अंतर्दृश्य उभे करतो. हीच व्हर्च्युअल ब्रॉन्कोस्कोपी. दुर्बीण जेथे अडते त्यापलीकडचा भागही येथे दिसतो, संकोचाची लांबी मोजता येते. स्कॅन आधीच झालेला असून पातळ छेद जतन केलेले असतील, तर पुन्हा किरणोत्सर्गाची गरज पडत नाही. चिठ्ठीत तेवढी मागणी करावी. (आपल्यापैकी किती वैद्य अशी चिठ्ठी लिहितात?) स्रोतसातील संग नेमका कोठे, हा प्रश्न मुळात आपलाच आहे.

मात्र चिकटलेला कफही येथे संकोचासारखा भासतो. श्लेष्मल त्वचेचा खरा वर्ण कळत नाही, तपासणीसाठी तुकडा घेता येत नाही. क्षय वा अर्बुदाची शंका असल्यास प्रत्यक्ष दुर्बिणीस पर्याय नाही. तमकश्वासात संकोच सूक्ष्म शाखांत असल्याने चित्र निर्दोषही येईल. आणि विश्रांतीतही ज्याचा कर्कश श्वास ऐकू येतो, त्यास प्रथम रुग्णालयात पाठवावे, चित्र नंतर.