बोंडू कुजतात आणि बाटली बाहेरून येते

मार्च-एप्रिलात सावंतवाडी, दोडामार्ग भागातल्या काजूच्या बागांत फिरताना आधी आंबूस वास येतो. बी काढून घेतलेल्या बोंडांचे ढीग झाडाखाली पडलेले असतात. परवा एका बागायतदाराने विचारले, "सायबानू, बियो व्यापाऱ्यान न्हेल्यान. ह्या बोंडवांचा काय करूचा?" खत करा, गुरांना घाला, सरबत करा, हे नेहमीचे उत्तर मी दिले. तो हसला. बीच्या सहा ते आठ पट वजनाचे बोंड निघते आणि ते दुसऱ्या दिवसाला टिकत नाही. एवढ्याचे सरबत पिणार कोण?

त्याच गावात संध्याकाळी नाक्यावर लोक कंपनीची बाटली घेऊन बसतात. लेबल झकपक, नाव इंग्रजी. आत काय असते? आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्की-रममध्ये उसाच्या मळीचे नाहीतर धान्याचे स्पिरिट असते, त्याला रंग नि वास दिलेला. म्हणजे पैसा आपल्या गावचा आणि माल घाटावरचा. आपल्या बोंडाला त्यात एक पैसाही मिळत नाही.

शेजारी गोव्यात काय होते ते बघा. बोंडे पायाने तुडवून रस काढतात, तो दोन-तीन दिवस आंबवतात आणि भट्टीला लावतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. वर रंग नाही की वास नाही. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. झाड तेच, माती जवळजवळ तीच, मध्ये फक्त चेकनाका.

आपल्या राज्यानेही 2022 मध्ये काजूबोंड व मोहाफुलाच्या दारूला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्या'च्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. वेंगुर्ल्याचे बोंड विदेशी झाले, गंमतच! पण हेतू चांगला होता, त्यामुळे मालाला बरे दुकान आणि बरा भाव मिळू शकतो. मात्र त्याचा लाभ मोठ्या कारखान्यालाच व्हायचा नसेल, तर पाच-दहा बागायतदारांच्या गटाला झेपेल असा परवाना आणि शुल्क हवे. माल तपासून बाटलीत भरण्याची सोयही जवळ हवी. विनापरवाना भट्टी लावा असे मी मुळीच म्हणत नाही. तो गुन्हा आहे, आणि चोरून गाळलेल्या दारूत कोणी काय मिसळले ते पिणाऱ्याला कळत नाही.

गावोगावी आडव्या बाटलीसाठी मत देणाऱ्या बाया हे वाचून रागावतील. त्यांचा राग खरा आहे, घरात मार त्याच खातात. फेणी प्यालेला नवरा काही शहाणा होत नाही. ज्या गावाने दारू नको म्हटले तिथे फेणीही नको. पण जिथे दुकान आहेच आणि माणूस पिणारच आहे, तिथे त्याने कंपनीच्या लेबलाला भुलण्यापेक्षा आपल्या बोंडाची मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीत बोंडे धरायला लागतात. त्याआधीच्या ग्रामसभेत सरपंच-ग्रामसेवकांनी हा विषय घ्यावा, बायांना पुढे बसवून. गावात किती बोंडे फुकट जातात ते मोजावे आणि ठराव झाला तर उत्पादन शुल्क खात्याकडे पाठवावा. मोजायला मी येतो.