वकिलाची फी कोणत्या खात्यावर?

गेल्या उन्हाळ्यात पेडणे तालुक्यातील आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा जमाखर्च लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी ते हौसेने पत्करले. पुढे डिचोलीत एका सामन्यानंतर मैदानावर हातघाई झाली. आमच्या एका खेळाडूविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली आणि मंडळाने त्याला वकील दिला. फी चार हजार रुपये. कार्यकारिणीतील एक काका म्हणाले, "अरे बाबा, चेंडू आणि जाळीच्या खर्चात घाल ती!" मी घातली नाही.

आमच्या मंडळापुढे प्रश्न फक्त सचोटीचा होता. मोठ्या क्लबांपुढे तो नियमाचाही असतो. 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळाडूंच्या पगारखर्चावर मर्यादा आली. काही हंगामांत ती 16.5 कोटी रुपये होती. सगळे चांगले खेळाडू एकाच श्रीमंत क्लबाने उचलू नयेत, हा तिचा हेतू. पण पुढचे दार बंद झाले की मागचे उघडते. पगार तेवढाच ठेवून खेळाडूचे घरभाडे, मोटार किंवा वकिलाची फी क्लबाने भरली तर मर्यादा कागदावरच राहील.

20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनने एफ. सी. गोवाला 3-2 असे हरवले. त्यानंतर तक्रारीवरून चेन्नईयिनचा कर्णधार एलानो याला पोलिसांनी अटक केली व तो जामिनावर सुटला. चूक कोणाची, हा येथे प्रश्न नाही. अशा वेळी वकिलाचा खर्च खेळाडूचा की क्लबाचा, हा आहे.

1961 च्या आयकर कायद्यात याचे सूत्र सापडते. नोकराने स्वतः भरावयाची रक्कम मालकाने भरली, तर तीही पगारासोबतची प्राप्तीच. म्हणून माझे मत असे: क्लबाच्या कामातून उद्भवलेल्या खटल्याचा खर्च क्लबाचा, तो पगारात धरू नये. खेळाडूच्या घरच्या जमिनीचा वा खासगी भांडणाचा खटला असेल, तर ती फी पगारच समजून मर्यादेत मोजावी. दोन्ही प्रकारांत नोंद मात्र उघड हवी.

कोणी म्हणेल, गरीब खेळाडूला वाऱ्यावर सोडायचे काय? मुळीच नाही. मदत करा, पण लिहून करा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न स्टॉर्म या रग्बी क्लबाने मर्यादेबाहेरचे पैसे लपवले. 2010 मध्ये ते उघडकीस आले आणि 2007 व 2009 ची विजेतेपदे गेली. मैदानावर घाम गाळून मिळवलेले हिशेबाच्या वहीने घालवले.

वार्षिक सभेत मी वाचून दाखवले, "सामन्यातील तक्रारीबाबत वकील फी, रुपये चार हजार." कोणी हरकत घेतली नाही. काका मात्र चतुर्थीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चतुर्थीच्या आरतीला त्यांनीच झांजा माझ्या हाती दिल्या.