बेस बेसूर का होतो?

काय दोस्तांनो, तालमी सुरू झाल्या का? उन्हाची चाहूल लागली की वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत गाण्याच्या मंडळांना उधाण येतं. १४ एप्रिलची भीमजयंती, पाठोपाठ बुद्धपौर्णिमा, शिवाय लग्नसराई! अशा एखाद्या मंडळात तुमच्या गळ्यात बेस गिटार पडली असेल, तर आजचं पान खास तुमच्यासाठी.

बेसची गंमत अशी, की ती बेसूर झाली तरी श्रोते तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना वाटतं, गाणारा घसरला. तो बिचारा बेसच्या सुरावर पाय रोवून उभा असतो आणि पायाखालची फळीच खचलेली! मित्राची अब्रू तुमच्या चार तारांवर आहे, बरं का.

तार उतरली की आपण चावीला शिव्या घालतो. पण आधी सांगा पाहू, वाद्य होतं कुठे? आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरात कूलरची दमट हवा, बाहेर कोरडी भट्टी. कूलरसमोरची गिटार थेट मंडपात नेली, की पोलादी तारा तापून किंचित लांबतात, ताण कमी होतो, सूर उतरतो. लाकूड तर दमट हवेत ओल पितं, कोरड्या हवेत सुकतं, त्यामुळे दिवसामागून दिवस गिटारची मान थोडी थोडी वाकत राहते. म्हणून कार्यक्रमाआधी अर्धा तास वाद्य मंडपातच, पण सावलीत ठेवा आणि मग तारा लावा. तंबोरा लावणारे नाही का मैफलीच्या जागी बसूनच लावत!

मिरजेच्या तंबोऱ्याला (त्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं) बारीक सुरासाठी तारेत मणी ओवलेले असतात. बेसला मणी नाहीत, सगळी भिस्त चावीवर. चावीच्या दात्यांत थोडी मोकळीक असते, म्हणून नेहमी खालून वर चढत स्वर गाठा. पुढे गेलात? तर तिथूनच मागे येऊन थांबू नका, चांगलं खाली उतरा आणि पुन्हा चढा. चावी फिरवताना मधेच 'टक्' असा आवाज आला, तर तार मानेच्या टोकाच्या खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, तार सरकू लागेल. नवी तार मात्र दोन-तीन दिवस सैलावणारच. तिला हलकेच ओढा, परत लावा, परत ओढा.

आता कान. सर्वांत जाड ई तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. इतक्या खर्जात मोबाईलमधला ट्यूनरही चाचपडतो. मग युक्ती करा. ई तारेला पाचव्या फ्रेटच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून छेडा, घंटीसारखा स्वर येईल. शेजारच्या ए तारेला सातव्या फ्रेटवर तसंच करा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. 'वाँव् वाँव्' अशी लाट ऐकू आली तर फरक आहे. लाट मंदावत थांबली, की जमलं! पुढच्या तारांच्या जोड्याही अशाच लावा.

मोकळी तार सुरात, पण वर गेलं की बेसूर? बाराव्या फ्रेटवर एकदा बोट टेकवून आणि एकदा दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल, तर त्या तारेची ब्रिजवरची घोडी मानेपासून दूर सरकवा. उतरलेला असेल तर मानेकडे आणा. दर वेळी मोकळी तार पुन्हा लावून तपासा. हे सगळं नव्या तारांवरच करा हं. घामाने मळलेली जुनी तार घोडी कितीही सरकवली तरी सुरात येत नाही.

एवढ्यानेही भागलं नाही, तर मान वाकली असेल. मानेच्या आत लोखंडी गज असतो, त्याने ती सरळ करता येते. पण एका वेळी पाव वेढ्याहून जास्त नाही, आणि पहिल्यांदा तर जाणकार दादा-ताई शेजारी बसलेले असतानाच.